वेड्याचा वाटा

पुणे जिल्ह्याच्या मावळपट्टीत ‘उतारा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि मुळशी तालुक्यातील माण गावी ते दोन्ही अर्थ एकाच घराच्या वाट्याला एकाच वर्षी आले, तर कोणाला नवल वाटण्याचे कारण नाही. एक उतारा तलाठ्याच्या दफ्तरातला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून होणारा हा सातबारा. त्यावर गट क्रमांक, क्षेत्र, आकार, पोटखराबा आणि खातेदारांची नावे ओळीने मांडलेली असतात. दुसरा उतारा तिठ्यावरचा. ज्याला ‘बाहेरचे झाले’ असे घरच्यांनी ठरवले त्याच्या अंगावरून दहीभात, लिंबू, नारळ ओवाळून अमावास्येच्या तिन्हीसांजेला तो पत्रावळीवर ठेवायचा आणि मागे वळून न पाहता घरी यायचे. पहिल्या उताऱ्यात माणसाचा घराण्यातला वाटा लिहिलेला असतो, आणि दुसऱ्यात त्याच माणसाचे दुखणे वेशीबाहेर सोडून आल्याचे समाधान असते. मनोरुग्णाला आपला समाज कसा वागवतो हे जाणून घ्यायचे असेल, तर वैद्यकाच्या ग्रंथांपूर्वी या दोन कागद-पत्रावळींकडे पाहावे, असे मला वाटते. कारण वेड म्हणजे काय, या प्रश्नाशी समाज क्वचितच झगडतो, पण वेड्याला वाटा द्यायचा की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याला दररोज द्यावे लागते.

हिंजवडीला लागून असलेले माण एका पिढीपूर्वीपर्यंत शेतीवर जगणारे गाव होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले, त्याचे टप्पे हिंजवडीची शीव ओलांडून माणच्या जमिनीवर आले, आणि एकरांत चालणारी बोली गुंठ्यांवर आली. आता पुण्याच्या तिसऱ्या मेट्रोमार्गाच्या गाड्यांचा डेपोही माणलाच आहे. जमिनीला असे मोल आले की गावातल्या प्रत्येक नावाला मोल येते. ज्या नावाची वर्षानुवर्षे कोणी विचारपूस केलेली नसते, त्यालाही येते.

असे एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. तीन भाऊ, त्यांतला धाकटा विशीत असताना ‘डोक्यावर परिणाम’ झालेला. स्वतःशी बोलतो, रात्री उठून अंगणात फेऱ्या घालतो, जेवणात काही कालवले आहे अशी शंका घेतो. जमीन होती तोवर तो बैलांच्या मागे जाई, गोठा झाडी, सुगीत खळ्यावर राखणीला बसे, आणि घरात त्याच्याविषयी ‘जरा वेडसर आहे’ यापलीकडे चर्चा होत नसे. पुढे बैल गेले, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या, आणि तो मागल्या खोलीत आला. मग व्यवहार ठरतो आणि त्याची सही लागते. त्या दिवशी सकाळी त्याची दाढी होते, घडीचा सदरा अंगावर चढतो, मोटारीत त्याला पुढच्या आसनावर बसवले जाते, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत साहेबाने शंकेने मान वर केली की ज्याने वीस वर्षे ‘त्याला काय कळतंय’ म्हणून त्याचे बोलणे अर्ध्यावर तोडले तोच थोरला भाऊ अजिजीने सांगतो, ‘त्याला सगळं कळतं साहेब, फक्त बोलायला बुजतो.’ अंगठ्याचा ठसा उमटतो, छायाचित्र निघते, आणि संध्याकाळी तो पुन्हा मागल्या खोलीत जातो. त्याच वर्षी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापली जाते. तिच्यात आजोबांपासून चुलत मामांपर्यंत साऱ्यांची नावे असतात, कुलस्वामीची असतात, किलबिल म्हणून घरच्या तान्ह्या मुलांचीही असतात. त्याचे नसते.

या भावांना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्यांच्या हातून जे घडले त्यामागे फार जुनी परंपरा उभी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पित्याच्या धनात वाटा न मिळणाऱ्यांची गणना केली आहे, आणि जात्यंध, बधिर, मूक यांच्या जोडीला तिथे उन्मत्तही आहे. अशांना शास्त्रकार ‘अनंश’ म्हणतात. म्हणजे ज्यांना अंश नाही असे. मात्र लगेच पुढे त्यांना आमरण अन्नवस्त्र द्यावे अशी आज्ञा आहे, आणि ती न पाळणाऱ्याला पतित म्हटले आहे. यापुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातले वारसाहक्काचे तंटे बहुतांशी तिच्याच आधारे तुटले. त्या टीकेत असा निर्वाळा आहे की वाटणी झाल्यानंतर जर औषधादी उपायांनी हा दोष दूर झाला, तर त्या पुरुषाला त्याचा अंश मिळाला पाहिजे. विभागणीनंतर जन्मलेल्या पुत्राला जसा मिळतो, तसा. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताला वेड बरे होऊ शकते हे ठाऊक होते, आणि बरा झालेला माणूस नव्याने जन्मलेल्या मुलासारखा घरात घ्यावा हेही त्याने सांगून ठेवले होते. आपण या परंपरेतले अनंशत्व जपले आणि त्याचा उःशाप विसरलो.

इंग्रजी अमदानीतही हा प्रश्न प्रथम मिळकतीचाच राहिला. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले त्या १८५८ सालीच हिंदुस्थानात वेड्यांविषयी तीन कायदे झाले, आणि त्यांतले दोन वेडा ठरवण्याच्या न्यायालयीन चौकशीचे व त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थेचे होते. उरलेला एक वेड्यांच्या आश्रयस्थानांचा, तोही त्यांना तेथे दाखल कसे करावे व ठेवावे कसे याविषयीचा. १९१२ च्या कायद्याने हीच व्यवस्था एकत्र बांधली. रस्त्यात फिरणारा वेडा पोलिसांनी धरावा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा, हुकूम व्हावा आणि त्याची रवानगी व्हावी, असा तो क्रम होता. दुखणेकऱ्याने वैद्याकडे जावे ही साधी रीत. या एका दुखण्यात मात्र वाट कचेरीतून जात असे. पोलिसी मराठीत ‘वेडसर इसम’ हा शब्दप्रयोग अद्याप टिकून आहे, तो त्या दिवसांची आठवण देतो. आपल्या राज्यात नागपूरचे रुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे आणि येरवड्याचे १९१५ चे. येरवड्याला २,५४० खाटांची मंजुरी मिळाली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होऊ लागली. तुरुंगही येरवड्यालाच असल्यामुळे ‘येरवड्याला गेला’ या दोन शब्दांचे पुणेरी माणसाला दोन अर्थ लागतात, आणि दोन्ही अर्थ लाजिरवाणे मानले जातात. आजारी माणसाला अपराध्याच्या शेजारी बसवण्याचे काम भाषेने इतके बेमालूम केले आहे की चेष्टेतही आपल्याला ते खटकत नाही.

आता या आजारांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ‘वेड’ या एका गाठोड्यात आपण अनेक निरनिराळी दुखणी बांधून ठेवली आहेत. मतिमंदत्व हे बुद्धीच्या वाढीतले न्यूनत्व, ते बालपणापासून असते. मनोरोग हा चांगल्या शाबूत बुद्धीच्या माणसाला मध्येच गाठतो. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, बहुधा ऐन तारुण्यात सुरू होते. त्यात कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी दृढ समजूत होते, आणि पुढे उत्साह व आस्था ओसरत जाते. द्विध्रुवी विकारात माणूस काही काळ अमर्याद उल्हासात आणि काही काळ खोल अवसादात असतो. नैराश्य हे सर्वांत अधिक आढळणारे आणि ‘आळस’ या नावाखाली सर्वांत अधिक लपलेले. यांच्या मुळाशी आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक घडामोडी आणि आयुष्यातील आघात यांचे मिश्रण असते. आईबापांच्या पापाचा किंवा शेजाऱ्याच्या करणीचा त्यात संबंध नसतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांना लिथियमचा उपयोग दिसून आला, १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध रुग्णांना देण्यात येऊ लागले, आणि त्यानंतर जगभर मनोरुग्णालयांच्या कोठड्यांची कुलुपे निघू लागली. नियमित औषध, पुरेशी झोप आणि घरातल्यांचा संयम यांच्या बळावर नोकरी-संसार करणारे अनेक लोक आपल्या आसपास असतात. ते सांगत नाहीत म्हणून आपल्याला ठाऊक नसतात.

औषधाचा शोध लागला, पण घराचा दरवाजा त्याने उघडत नाही. बरे होऊनही मनोरुग्णालयातच राहिलेल्या माणसांची व्यथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाची तजवीज करा, असे २०१७ साली न्यायालयाला सरकारांना सांगावे लागले. कोणाचा पत्ता चुकीचा दिलेला असतो, कोणाचे आईबाप वारलेले असतात, कोणाच्या भावांनी वाटणी उरकलेली असते. स्त्रियांची कथा आणखी वेगळी. नवरा भ्रमिष्ट झाला तर बायकोने त्याचे करावे हे गृहीत असते. बायको झाली तर तिला माहेरी पोचवले जाते, आणि माहेरी तिचा वाटा आधीच पुसलेला असतो. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने उभारलेल्या ‘माउली’ संस्थेत रस्त्यावर टाकून दिलेल्या अशाच स्त्रियांना आसरा मिळतो. कर्जतला डॉ. भरत वटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो रुग्णांना उपचार करून त्यांच्या गावी पोचवले; त्या कार्यासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कार्यकर्ता रुग्णाबरोबर रेल्वेने थेट त्याच्या गावापर्यंत जातो, ही या संस्थेची रीत मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण उंबरठा ओलांडताना त्या माणसाच्या बाजूने बोलणारा कोणी तरी लागतो.

गाव मनात आणील तर काय करू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. तेराव्या शतकात विदर्भातील रिद्धपूर येथे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, राहत. हे चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी नोंदवून ठेवल्या आहेत. त्यांत ते वाटेल त्या घरात शिरतात, हवे ते खातात, एकाएकी हसतात, रागावतात. लोक त्यांना वेडे म्हणतात आणि तेच लोक त्यांना गावाचे मायबापही मानतात. ते परमेश्वरावतार होते की नाही, हा श्रद्धेचा विषय झाला. माझे लक्ष रिद्धपूरकरांकडे जाते, ज्यांनी विक्षिप्त वागणाऱ्या एका माणसासाठी आपली दारे उघडी ठेवली. बेल्जियममधील गील या गावी मध्ययुगापासून मनोरुग्णांना साध्या कुटुंबांत ठेवून घेण्याची रीत आहे. १९३० च्या दशकात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे त्या गावात राहत होते, शेतावर काम करीत होते, यजमानाच्या पंक्तीला जेवत होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून नऊ देशांत केलेल्या पाहणीत, ज्यात आपल्याकडचे आग्रा हे केंद्र होते, स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांपेक्षा भारतासारख्या देशांत अधिक चांगले सुधारतात असे आढळले. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, आणि त्याच्या भरवशावर आपण निर्धास्त राहणे योग्य नव्हे. पण त्याचे एक कारण म्हणून घराचा आणि हाताला मिळणाऱ्या कामाचा उल्लेख वारंवार होतो. कल्पिलेल्या घरातल्या धाकट्या भावाला बैल जे देत होते, ते बैल गेल्यावर कोणी दिले नाही.

तिठ्यावरच्या उताऱ्याचाही न्याय करताना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. मांत्रिकाच्या ओसरीवर साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चाबकाने मारणे हे क्रौर्य आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली चालणारा हा छळ दंडनीय ठरवला आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा दर्ग्यालगतच्या एका खाजगी आश्रयस्थानात साखळीने जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा जीव गेला. दुसरी बाजू मानववंशशास्त्राच्या अभ्यासक व्हिएडा स्कल्टन्स यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात पाहिली. तिथे आजारी मुलाला किंवा नवऱ्याला घेऊन आलेल्या आया-बायका स्वतःच अंगात आल्यासारख्या घुमत होत्या, कारण आपल्या माणसाचे दुखणे आपल्यावर यावे अशी त्यांची धारणा होती. या बायकांना अडाणी म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की रुग्णाच्या दुखण्यात वाटा मागणाऱ्या त्या होत्या. डॉक्टरकडे जाण्याचा मार्ग त्यांना दाखवायचा तो त्यांच्या या मायेचा मान राखूनच दाखवला पाहिजे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून निघालेला ‘मानसमित्र’ हा उपक्रम याच दिशेने चालतो.

कायद्याने मात्र वेड्याचा वाटा हळूहळू का होईना परत केला आहे. १९२८ च्या कायद्याने जन्मतः वेडा किंवा जड असणाराच काय तो अनंश ठेवला, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने तेही काढून टाकले. कोणताही रोग, दोष वा व्यंग यांमुळे कोणाचाही वारसा जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने याहून मोठा वाटा दिला, तो स्वतःविषयीच्या निर्णयातला. आजारी पडलो तर कोणते उपचार घ्यावेत वा घेऊ नयेत हे माणसाने आधीच लिहून ठेवावे, आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी स्वतः नेमावा. साखळीने बांधणे वर्ज्य, भूल न देता विजेचे झटके वर्ज्य. विमा कंपनीने शरीराच्या आणि मनाच्या आजारांत भेद करू नये. रस्त्यात सापडलेल्या ‘वेडसर इसमा’ला पोलिसांनी कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी आधार द्यावा, हेही त्याच कायद्यात आहे.

परंतु हे वाटे मागायचे तर आजार कबूल करावा लागतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कसला ना कसला मानसिक विकार होता, आणि विकारानुरूप त्यांतले सत्तर ते ब्याण्णव टक्के उपचारांविना होते. आजच्या माणमध्ये तीन प्रकारचे लोक शेजारी शेजारी राहतात, आणि तिघेही आपापल्या रीतीने हे लपवतात. आयटी कंपनीतला तरुण मनोविकारतज्ज्ञाकडे जातो, पण रजेच्या अर्जात विषाणूजन्य ताप लिहितो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणारा, मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला कामगार एका खोलीत सहा जणांबरोबर झोपतो, झोप लागत नाही हे कोणाला सांगत नाही, आणि एक दिवस हजेरीपटावरून त्याचे नाव निघते. त्याला वाटणीत मागण्यासारखे काहीच नसते. आणि मूळ गावकरी मुलीचे लग्न जमेपर्यंत तिच्या काकाला मागल्या खोलीत ठेवतो. ‘सोयरीक मोडेल’ ही त्याची धास्ती खोटी नाही. सोयरीक मोडणारे आपणच आहोत, म्हणून ती खरी आहे.

उपचार आज पूर्वीइतके दूर राहिलेले नाहीत. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय ही सरकारी ठिकाणे माणहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. औषध सुरू झाल्यावर ते मनाने बंद करू नये, गुण येण्यास काही आठवडे लागतात हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे, आणि रुग्णाला येणाऱ्या शंकांवर वाद घालू नये; भीती त्याला खरीच वाटत असते. मिताक्षरेच्या न्यायाने बोलायचे तर औषधाने दोष दूर झाला की वाटा परत करण्याची पाळी आपली असते. तेवढ्यासाठी कोणत्याही दफ्तरात फेरफार करावा लागत नाही. ज्याच्या घरी असा भाऊ, बहीण, काका किंवा सून असेल, त्याने पुढच्या लग्नात त्यांचे नाव पत्रिकेत इतरांच्या रांगेत छापावे, त्यांना पंगतीत बसवावे, आणि पाहुण्यांदेखत त्यांना काही विचारून उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे.